धरून ठेवणारी तार

माझ्या कादंबऱ्यांत मोटारी पुष्कळ आहेत. नायक मोटारीतून येतो, खलनायक मोटारीतून पळतो, आणि एका प्रकरणात तर नायिकेच्या वडिलांची मोटार थेट दरीत जाते. परंतु उभी केलेली मोटार जागच्या जागी उभी का राहते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पाडला आमच्या जीपने. आणि खरे सांगायचे तर आईने.

आमचे गाव भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत आहे. सपाट जागा म्हणून ती भातखाचरांपुरतीच. घर चढावर, शाळा उतारावर, बँक त्याहून खाली. म्हणून काही वर्षांपूर्वी मी विलीसच्या घडणीची एक म्हातारी जीप घेतली. मास्तराने जीप घ्यावी याचे गावाला नवल वाटले. ती चालते याचे मला.

गेल्या वर्षी ऐन कापणीत ती खाचरात रुतली आणि बाहेर ओढताना मागच्या ॲक्सलची पेटीच तडकली. मिस्त्री खाली वाकून म्हणाला, “मास्तर, ह्याचा जोड आता मिळायचा नाही. दुसऱ्या गाडीचा बसवू.” त्याने पुण्याच्या भंगारातून दुसऱ्या एका गाडीचा अख्खा ॲक्सल आणला, जीपच्या पाट्यांवर बसविला, पायाच्या ब्रेकच्या नळ्या जुळविल्या. जीप चालू लागली. राहिला फक्त हँडब्रेक.

त्याची अडचण अशी. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना मुळी धरीतच नाही. गिअरबॉक्सच्या मागल्या पेटीतून जो लांब दांडा मागच्या चाकांकडे जातो, त्याच्या तोंडाशी एक ड्रम असतो; हँडब्रेक धरतो तो ह्या ड्रमला. आमच्या जीपचा हा ड्रम तेल गळून केव्हाच बुळबुळीत झाला होता. नव्या ॲक्सलला मात्र दोन्ही चाकांत वेगवेगळी सोय होती, दर चाकाला एक केबल. म्हणजे वर जुना हात एकच केबल ओढणारा, आणि खाली ओढून घेणाऱ्या दोन!

“संक्रांतीनंतर बघू,” मिस्त्री म्हणाला. संक्रांत गेली, शिमगाही गेला. तोवर एक काळा दगड आमच्या जीपचा हँडब्रेक झाला होता. उतारावर थांबलो की बरोबरचा विद्यार्थी उडी मारून तो चाकामागे लावी. मलाही त्याचे काही वाटेनासे झाले. गैरसोय अंगवळणी पडली की आपण तिला व्यवस्था म्हणू लागतो.

मार्चमध्ये आईला पेन्शनसाठी बँकेत नेले. त्या दिवशी विद्यार्थी बरोबर नव्हता. बँक उघडली आहे का, एवढेच पाहावयास मी उतरलो. घाईत गिअरही पडला नसावा. मागे वळून पाहतो तो जीप आईला घेऊन हळूहळू उलट्या दिशेने निघालेली! मी धावलो, पण मी पोहोचण्यापूर्वीच मागचे चाक गटारात अडकले आणि ती थांबली. चार-पाच हातांचाच प्रवास. आई पिशवी पोटाशी धरून ताठ बसली होती. कोणालाही लागले नाही. गटाराच्या पलीकडे शाळेची पोरे उभी होती, हे मात्र मी अजून विसरलो नाही.

आई तेव्हा काही बोलली नाही. रात्री ताट वाढताना एवढेच म्हणाली, “तुझ्या गाडीला धरणारं कुणी नाही का रे?”

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या दारात.

पहिला प्रयोग स्वस्तातला झाला, आणि त्याचा दोष मजकडेच आहे. भंगारातल्या केबल लांब होत्या. त्या कापून आतल्या तारेला चिमटे आवळावेत, असे मिस्त्रीने सुचविले. मी खर्च वाचतो म्हणून मान डोलावली. चढावर हात ओढला, जीप क्षणभर थांबली आणि तार चिमट्यातून सुळकन सरकली. सुदैवाने त्या वेळी दगड जागेवर होता.

मग मात्र आम्ही दोघेही शहाणे झालो. मॅट्रिकला विज्ञानात काठावर पास झालेला मी, पण सायकलचा ब्रेक मला ठाऊक होता. वेटोळ्याच्या नळीतून ओढ पोहोचविणाऱ्या तारेचे पेटंट ब्रिटनमध्ये बाउडेन नावाच्या गृहस्थाने १८९६ साली घेतले. तिची गंमत अशी की, तार ओढायची तर बाहेरची नळी दोन्ही टोकांना पक्की अडकलेली हवी. नळीच सरकली तर ओढ चाकापर्यंत जातच नाही. म्हणून मिस्त्रीने नळी अडकविण्यासाठी सांगाड्याला दोन नवे कान जोडले. केबल पुण्याहून हव्या त्या मापाच्या, टोके यंत्राने दाबून बसविलेल्या अशा करून आणल्या. दोन केबल एका आडव्या पट्टीच्या दोन टोकांना, आणि पट्टीचा मध्य जुन्या हाताच्या तारेला. पट्टी तराजूच्या दांडीसारखी कलते, म्हणून एक केबल थोडी सैल असली तरी दोन्ही चाकांना ओढ सारखी मिळते.

तरी मिस्त्री लगेच खूष झाला नाही. त्याने जीपचा सांगाडा जॅकवर उचलला आणि ॲक्सल पाट्यांवर लोंबकळू दिला. “खड्ड्यात चाक असं खाली जातं, मास्तर. तेव्हा केबल ताणली तर चालत्या गाडीला ब्रेक लागेल.” म्हणून तिला ऐसपैस वळण दिले, फार तीव्र वळण दिले तर तार आत घासते. आधी ड्रममधल्या लायनरचे अंतर जुळविले, केबल नंतर आवळली. तरीही पहिल्या दिवशी ती जरा जास्तच आवळली गेली. घाट चढताना जळका वास आला आणि ड्रमला हात लाववेना. दोन आटे सैल केल्यावर जमले. धरायचे तेव्हा घट्ट धरायचे, आणि सोडायचे तेव्हा पुरते सोडायचे. तीस मुलांच्या वर्गात मला हे अजून नीट साधलेले नाही.

शेवटी बँकेसमोरच्या त्याच उतारावर जीप उभी केली. गिअर काढला, हात ओढला, पाय ब्रेकवरून उचलला. जीप हलली नाही. मिस्त्रीने मागून धक्का देऊन पाहिला. नाहीच हलली.

पुढच्या महिन्यात आई पुन्हा पेन्शनला आली. मी मोठ्या ऐटीत हात ओढला आणि उतरू लागलो.

“दगड कुठाय?” आईने विचारले.

मी सगळे समजावून सांगितले. पट्टी, केबल, नळी, बाउडेनसुद्धा. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “असू दे. तोही लाव.”

मी मुकाट्याने दगड लावला. अजूनही लावतो.