भिंतीवरची छायाचित्रे

परवा ठाण्यात एका हौशी छायाचित्रकार मंडळाच्या वर्धापनदिनाचे प्रदर्शन पाहिले. सुती कागदावर उतरलेले खाडीवरचे धुके पाहून पाय निघेना.

ही हौस आणि आमची रेल्वे जवळजवळ एकाच वयाची. १८५३ साली गाडी ठाण्यास आली, १८५४ च्या मे महिन्यात कल्याणला पोचली. आणि १८५४ सालीच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद. त्या काळी अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप आणि चांदीचे क्षार दिलेला कागद उन्हात ठेवून प्रत काढीत. एका चित्रापायी केवढी खटपट! साहजिकच काय टिपावे, याचा विचार आधी होई.

आज डोंबिवली लोकलमध्ये प्रत्येकाच्या खिशात हजारो चित्रे असतात, माझ्याही आहेत. मी चार वर्षांचा असताना आई गेली. तिचे एकच छायाचित्र आहे, कल्याणच्या स्टुडिओतले. कोपरा दुमडलेला, रंग पिवळट. पण माझ्या मुलीला आजी ठाऊक आहे ती त्यामुळेच. फोनमधले चित्र शोधावे लागते. भिंतीवरचे येताजाता आपल्याकडे पाहते.

या दिवाळीत घरातले एक तरी चित्र कागदावर उतरवावे म्हणतो. कोणते, यावर मात्र अजून एकमत नाही!