प्रकाशाच्या खोऱ्यातला सायकलपटू

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याकडच्या पर्यटकांच्या डोळ्यांपुढे बर्फाची शिखरे, चॉकलेटे आणि हिंदी चित्रपटांतली गाणी उभी राहतात. देशाच्या पूर्वेकडचा ग्राउब्युंडेन प्रांत मात्र सहलींच्या कार्यक्रमात क्वचितच दिसतो. त्याची राजधानी कूर हे स्वित्झर्लंडमधले सर्वांत जुने शहर मानले जाते. तेथून लाल रंगाची छोटी आगगाडी ऱ्हाइन नदीने कोरलेल्या पांढुरक्या कड्यांमधून इलान्झला पोचते. पुढे पिवळी टपाल बस वळणे घेत लुम्नेत्सियाच्या खोऱ्यात शिरते.

या खोऱ्याला 'प्रकाशाचे खोरे' म्हणतात. उतारांवर हिरवी कुरणे आणि लाकडी घरे. कानावर पडते ती रोमान्श, म्हणजे देशाची चौथी भाषा. इथल्याच टेर्सनाउस या चिमुकल्या गावात नीनो शुर्टर लहानाचा मोठा झाला. डोंगरी सायकल शर्यतीतला सर्वांत यशस्वी खेळाडू म्हणून पुढे जगाने त्याला ओळखले.

ही शर्यत डांबरी रस्त्यावरची नव्हे. दगडधोंडे, झाडांची ओली मुळे, छातीवर येणारे चढ आणि काळजाचा ठोका चुकवणारे उतार अशा वाटेवर सव्वा ते दीड तास फेऱ्या मारायच्या. पाणी आणि दुरुस्तीची मदत फक्त ठरलेल्या जागीच मिळते. भलत्या ठिकाणी चाक पंक्चर झाले तर स्पर्धकाने स्वतःच निस्तरायचे. पायांत ताकद हवीच, पण दमलेला असतानाही डोके थंड ठेवावे लागते.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ साली अटलांटात आला. तेथे स्वित्झर्लंडच्या थॉमस फ्रिशक्नेश्टने रौप्यपदक मिळवले. पुढे शुर्टर ज्या व्यावसायिक संघाकडून खेळला, त्याचे व्यवस्थापन हाच फ्रिशक्नेश्ट पाहत असे. एका पिढीचा अनुभव असा दुसरीच्या कामी आला.

बीजिंगला २००८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, शुर्टरने कांस्यपदक पटकावले. २०१२ मध्ये लंडनला सुवर्ण अगदी हाताशी आले होते. पण अखेरच्या टप्प्यात चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी पुढे सरकला आणि शुर्टर एका सेकंदाने हरला! ऑलिंपिकमधल्या एका सेकंदाची भरपाई करायला चार वर्षे थांबावे लागते. या वयात चार वर्षे म्हणजे खेळाडूच्या उमेदीचा मोठा हिस्सा. रिओला २०१६ मध्ये पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. या वेळी शुर्टर पहिला आला, कुल्हावी दुसरा.

हे यश एका दिवसाचे नव्हते. २००९ ते २०२२ या काळात तो दहा वेळा जगज्जेता झाला. टोकियोत चौथा येऊन पदक हुकले, तेव्हा वय झाले असे कुणालाही वाटले असते. पण त्याच वर्षी, २०२१ मध्ये, तो पुन्हा जगज्जेता ठरला.

कूरहून टपाल बसने तासाभराच्या आत लेन्झरहाइडेला जाता येते. सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या या गावात तळे आहे, सूचिपर्णी झाडांचे जंगल आहे आणि मुळांनी भरलेली शर्यतीची वाट आहे. येथेच २०१८ मध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर तो विश्वविजेता झाला. येथेच जून २०२३ मध्ये विश्वचषक शर्यतींतला चौतिसावा विजय मिळवून त्याने फ्रान्सच्या ज्युलियां अब्सालोंचा विक्रम मोडला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, निरोपाच्या शर्यतीसाठी त्याने हेच गाव निवडले.

उन्हाळ्यात येथे भाड्याने सायकल मिळते आणि पाळण्यातून ती डोंगरावर नेताही येते. हौशी प्रवासी सावकाश, ब्रेक दाबत, खाली उतरतात. पहिल्याच मुळावर चाक घसरले की उमगते, ज्या वाटेवर आपल्याला तोल सांभाळणे कठीण, त्याच वाटेवर एका माणसाने आयुष्यातली वीस वर्षे सेकंदासेकंदासाठी झुंज दिली. मग लंडनमधला तो एक सेकंद किती मोठा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.