विंचवाचं नूतनीकरण

मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला आलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही कधी पाहिला आहे का? मी रोज पाहतो. त्याचाच मला पगार मिळतो. सातपूरच्या आमच्या शाखेत कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी जुनी पावती घेऊन येतात आणि नवा व्याजाचा दर विचारतात. मी दर सांगितला की माझ्याकडे असं बघतात, जणू मधला टक्का मीच डब्यातून घरी नेला आहे. "अहो, रक्कम तीच, बँक तीच, खिडकीत बसलेले तुम्हीही तेच. मग व्याज गेलं कुठं?" ह्या प्रश्नाचं उत्तर बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं.

२०१३ साली 'झपाटलेला २' बघून बाहेर पडलो, तेव्हा माझा चेहरा नेमका त्या मंडळींसारखा झाला होता.

मूळ ठेव १९९३ सालची. महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्र म्हणतो आणि एका बाहुल्यात शिरतो. मग त्याला त्या बाहुल्याचा मालक लक्ष्या, म्हणजे आपला लक्ष्मीकांत बेर्डे, ह्याचं शरीर हवं असतं. ही कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' ह्या अमेरिकन सिनेमावरून आलेली, हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती की असली भुतं फक्त मराठीतच बोलतात. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्यांचा बाहुला! त्या दोघांनी मिळून माझ्या बालपणाचं जे काही केलं, त्याची भरपाई कोणत्याही विमा योजनेत बसत नाही.

आप्पा मला सायकलवर डबलसीट घेऊन तीनच्या खेळाला गेले होते. तो आठवडा त्यांच्या थर्ड शिफ्टचा. सकाळी कारखान्यातून आले, पाणी भरलं, रेशनच्या रांगेत उभे राहिले आणि शेवटी थिएटरात येऊन झोपले. तात्या विंचू पडद्यावर चाकू घेऊन फिरत होता आणि शेजारी आप्पा घोरत होते. मी त्यांचा डावा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. शेवटी गोळीचा आवाज झाला तसे ते जागे झाले.

"मेला का?"

"कोण?"

"तोच, जो कोणी असेल तो."

"मेला."

"चल मग, सायकल काढू. साडेदहाला ड्यूटी आहे."

रात्री खरी भानगड सुरू झाली. धाकट्या बहिणीकडे एक बाहुली होती. आडवी केली की डोळे मिटणारी. तिचा उजवा डोळा मात्र बिघडलेला होता, तो अर्धाच मिटायचा. ती कपाटावर बसून अर्ध्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "झोप मुकाट्यानं." ताईला सांगितलं, ती हसली. बहिणीला सांगितलं, तिनं भोकाड पसरलं. सिनेमात लक्ष्याचं असंच होतं. तो जीव तोडून सांगत असतो आणि कोणी ऐकतच नाही. भीती बाहुल्याची नसते हो. आपलं कोणी ऐकत नाही, ह्याची असते.

आप्पा पायात बूट घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, कपाटावरची बाहुली काढली आणि डब्याच्या पिशवीत टाकली.

"ही माझ्याबरोबर येईल कामाला. रात्रभर मशीनपाशी बसवतो. काय करते बघू."

आणि खरोखरच घेऊन गेले. एक रात्र नव्हे, तो सबंध आठवडा. खात्यातल्या लोकांनी त्यांची काय थट्टा केली असेल, ह्याची कल्पना मला स्वतः नोकरीला लागल्यावर आली. पुढच्या आठवड्यात आप्पा फर्स्ट शिफ्टला आले आणि बाहुली कपाटावर परत गेली. आता रात्री आप्पा घरातच असणार होते, तेव्हा बाहुलीनं राहायला हरकत नव्हती.

अशी ती वीस वर्षांची मुदत ठेव.

आता दुसऱ्या भागाचं शास्त्र थोडं सांगतो. इंग्रजी भयपटवाले ह्या बाबतीत आमच्या बँकेच्याही पुढे आहेत. आम्ही कागदपत्रांची 'अंतिम तारीख' जाहीर करतो आणि मग ती वाढवतो. त्यांच्याकडे 'फ्रायडे द थर्टीन्थ' नावाची एक मुखवटेवाल्या खुन्याची मालिका आहे. १९८० साली सुरू झाली. १९८४ साली चौथा भाग आला, त्याचं नावच 'अंतिम अध्याय' अशा अर्थाचं. लोक हळहळले. पुढच्याच वर्षी पाचवा भाग आला, त्याचं नाव 'नवी सुरुवात'! २००९ पर्यंत एकूण बारा झाले. 'चाइल्ड्स प्ले'वाला बाहुला चकी ह्याचा सहावा भाग २०१३ सालीच आला, म्हणजे दोन्ही खात्यांचं नूतनीकरण एकाच वर्षात.

दुसरा नियम असा, की भीती कमी पडू लागली की चष्मे वाटायचे. त्या मुखवटेवाल्याचा १९८२ चा तिसरा भाग थ्रीडी होता. आपल्या रामसे बंधूंनी १९८४ साली 'पुराना मंदिर'मध्ये सामरी नावाचा राक्षस आणला आणि १९८५ साली त्याच नावाचा 'सामरी' थ्रीडीत काढला. 'झपाटलेला २' तर थ्रीडी होताच.

मी हौसेनं दोन तिकिटं काढली आणि निवृत्त झालेल्या आप्पांना घेऊन गेलो. दारावर दोन चष्मे मिळाले. आम्हा दोघांनाही नंबर आहे, त्यामुळे चष्म्यावर चष्मा चढवावा लागला. वरचा नाकावरून घसरे आणि त्याला सावरायला जावं तर खालचा निसटे. पडद्यावरून वस्तू अंगावर येत होत्या. अंगावर काटा तेवढा येत नव्हता. पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या पिटत होती, शिट्ट्या मारत होती, म्हणजे त्यांचे पैसे वसूल झाले असावेत. मी मात्र पासबुक हातात घेऊन व्याज शोधत होतो. बाहुला तोच. आवाज तोच. महेश कोठारेही तेच. आदिनाथ कोठारे लक्ष्याचा मुलगा म्हणून उभा होता आणि मनापासून काम करत होता. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले होते.

आश्चर्य म्हणजे ह्या खेपेला आप्पा एक मिनिटही झोपले नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"बाहुला बेस आहे," आप्पा म्हणाले. "पण त्याला भिणारं माणूस राहिलं नाही."

मला वाटलं, ते बेर्ड्यांविषयी बोलताहेत. मी मान डोलावली. मग पाहिलं, तर ते डाव्या हाताची बाही खाली करून बटण लावत होते. सबंध सिनेमाभर तो हात माझ्या बाजूच्या दांड्यावर ठेवलेला होता. माझे दोन्ही हात चष्मे सावरण्यात गुंतले होते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं जुना 'झपाटलेला' पाहिला. दहाव्या मिनिटाला मला म्हणाली, "बाबा, हे शब्दभ्रम आहे. बाहुल्याला माणूस चालवतो. आम्हाला शाळेत दाखवलंय." मी गप्प बसलो. पुढे म्हणाली, "आणि तिसरा भाग काढला ना, तर लक्ष्याला कॉम्प्युटरवर आणता येईल."

"चेहरा येईल गं," मी म्हटलं. "पण तो घाबरेल का?"

ह्यावर तिनं विचार केला. बराच केला असावा, कारण रात्री साडेदहाला ती उशी घेऊन आमच्या खोलीत हजर झाली.

"मला भीती नाही वाटत. पण ती आत्यानं दिलेली बाहुली आहे ना, तिला झोप येत नाहीये."

"झोपेल ती. जा तू," मी म्हणालो आणि कूस वळवली.

बाहेरच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला रात्री ऐकू कमी येतं, असं डॉक्टर सांगतात.

"अरे, डब्याची पिशवी कुठंय तुझी?"

आमच्या बँकेत थर्ड शिफ्ट नसते. म्हणून ती रात्र बाहुलीनं आप्पांच्या उशाशी काढली आणि सकाळी ती माझ्याबरोबर शाखेत आली. मी तिला खणात ठेवली, पण पाय बाहेर राहिले. अकराच्या सुमारास मॅनेजरसाहेब खिडकीपाशी थबकले.

"हे काय आहे?"

"ठेव आहे साहेब," मी म्हणालो. "एक आठवड्याची."