अम्मीसाठी समुद्राकाठची खोली

अम्मीचे वय बहात्तर. सारे आयुष्य सोलापुरात गेले. समुद्र पाहिला तो टीव्हीवरच. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी ती सहज म्हणाली, "बेटा, एक बार समंदर दिखा दे." तिचे दोन्ही गुडघे दुखतात. पुढच्या वर्षावर ढकलायला मन धजेना. अलिबाग ठरले.

अलिबाग म्हणजे आता मुंबईच्या श्रीमंतांचे सुटीचे गाव. मांडवा ते किहीम या पट्ट्यात उंच भिंतींआड बंगले आहेत. काही हॉटेलांचे एका रात्रीचे भाडे आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त! रियाधहून धाकट्या भावाचा फोन आला, "आपा, खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. पैसे मी पाठवतो." मीही फोटोंना भुलले आणि एका हॉटेलला दोन हजार रुपये आगाऊ पाठवले. मग विचारले, खोली कितव्या मजल्यावर? दुसऱ्या. लिफ्ट? नाही. वाळूवर कसे उतरायचे? वीस-पंचवीस पायऱ्या. म्हणजे अम्मीने समुद्र खिडकीच्या चौकटीतच पाहायचा, टीव्हीत पाहत होती तसा! आगाऊ रक्कम बुडाली. चूक माझीच, पैसे आधी दिले, प्रश्न नंतर विचारले.

मग वहीत प्रश्न लिहून फोन करू लागले. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? 'समुद्रापासून पाच मिनिटे' म्हणजे पायी की गाडीने? गाडी वाळूच्या किती जवळ जाते? हलाल मटण-चिकन नसेल तर मासे वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात करून मिळतील का?

सहाव्या फोनला नागावच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत जागा मिळाली. मालकीणबाई मोकळेपणाने म्हणाल्या, "चिकन तुमच्या पद्धतीचं माझ्याकडे होत नाही. मासे आणि तांदळाची भाकरी मात्र पोटभर देईन." खोलीतून समुद्र दिसत नव्हता. भाडे पहिल्या हॉटेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे.

त्यांनीच आणखी एक गोष्ट शिकवली. "आजींना फार चालवत नाही ना? मग अमावास्या-पौर्णिमेला येऊ नका. तेव्हा उधाण असतं, संध्याकाळी ओहोटीचं पाणी फार लांब जातं. अष्टमीच्या सुमारास या. तेव्हा भांग असते आणि संध्याकाळी भरतीचं पाणी जवळ येतं." मी लगेच आपले कॅलेंडर काढले. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपला महिनाही. चांदची सातवी-आठवी तारीख धरून आम्ही निघालो. कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तर मात्र उलट: उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठावी आणि परतीची वेळ स्थानिकांना विचारूनच पाण्यात पाय टाकावा. किल्ल्यात गणपतीचे मंदिर आहे, तसाच हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही आहे. माझ्या मुलाला तो पाहायचा होता. तो बेत पुढच्या खेपेवर गेला. ही खेप अम्मीची होती.

असरनंतर गाडी सुरूच्या झाडांपर्यंत गेली. तिथून अम्मी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली. वाळूत प्लास्टिकची खुर्ची मांडली. थोड्या वेळाने पाणी आपणहून तिच्या पायांशी आले. ती घाबरली, मग हसली, मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

मगरिबला खुर्ची थोडी मागे, कोरड्या वाळूत घेतली. अम्मीने विचारले, "किब्ला किधर?" मी समुद्राकडे बोट केले. आपल्या किनाऱ्यावरून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. तिने खुर्चीवर बसूनच नमाज अदा केली, तोंड समुद्राकडे.

परतीच्या वाटेवर तिने विचारले, "उस बड़े होटल में कितना लगता था?" मी तीन रात्रींचा आकडा सांगितला. ती गप्प झाली. मग म्हणाली, "अगली बार उतने में टिकट निकाल के उसको बुला लेना."