एक बादली पाणी

स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन हमखास येतो. "साहेब, वर जाऊन बघून आलो. मस्त सुकलाय!" काँक्रीट तपासण्यात माझी पस्तीस वर्षं गेली, तरी हे 'सुकलाय' ऐकलं की मी अजून दचकतो. सिमेंट सुकत नाही. सुकलं, तर तेवढं वाया गेलं म्हणायचं. सिमेंट पाणी पितं आणि प्यायलेलं पाणी स्वतःत कायमचं बांधून घेतं. चिखल उन्हात सुकून टणक होतो आणि पहिल्या पावसात पुन्हा चिखल होतो. सिमेंटचं तसं होत नाही, उलट पाण्याखालीही ते घट्ट होत राहतं, कारण त्यात जे घडतं ते सुकणं नव्हेच.

दख्खनच्या माणसाला सिमेंट तसं परगावचं. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण. खडीसाठी त्याला तोड नाही, पण त्यातून चुना निघत नाही. जुन्या वाड्यांना चुना मिळाला तो काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे गोटे, म्हणजे कंकर, भाजून. सिमेंटच्या कारखान्याचं असल्या वेचणीवर भागत नाही. एक टन क्लिंकरला, म्हणजे दळण्याआधीच्या भाजलेल्या मालाला, साधारण दीड टन चुनखडी लागते. ती चंद्रपूर-यवतमाळकडे पैनगंगेच्या पट्ट्यात आहे आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा तिच्या शेजारीच. म्हणून गडचांदूर, घुग्घुस ही नावं सिमेंटशी जोडली गेली.

तरुणपणी मी तिकडची एक भट्टी पाहिली. भट्टी म्हणजे काय, तर किंचित उतरती ठेवलेली, सावकाश गरगरणारी पोलादी नळी. आतून विटांचं अस्तर. वरच्या तोंडातून चुनखडी आणि मातीची भुकटी जाते, खालच्या तोंडातून ज्वाला येते. निळ्या काचेतून आत डोकावलो, तर माल पाझरल्यासारखा, चिकट होऊन लोळत होता. १४५० अंशांच्या आसपास तो अर्धवट वितळतो आणि त्याचे गोळे बनतात, हरभऱ्याएवढे, लिंबाएवढे, काळपट. हाच क्लिंकर. त्याआधीच चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर चव्वेचाळीस किलो हवेत जाते. कोळशाचा धूर वेगळाच. सिमेंटवर पर्यावरणवाद्यांचा राग आहे तो यासाठी, आणि तो खोटा नाही.

लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं १८२४ साली आपल्या सिमेंटचं पेटंट घेतलं. पोर्टलंडच्या दगडाचा तेव्हा इंग्लंडात मोठा मान होता, म्हणून त्यानं आपल्या मालालाही तेच नाव दिलं. त्याची भट्टी आजच्याइतकी तापत नसे, पण जाहिरात पक्की होती. दोनशे वर्षं झाली, गोणीवर नाव तेच.

क्लिंकर नुसता दळला आणि पाणी घातलं, तर घमेलं मिक्सरपासून स्लॅबपर्यंत जायच्या आत माल आवळून बसेल. त्यातलं ॲल्युमिनेट फार उतावळं. त्याला आवरायला दळताना शंभराला तीन-पाच भाग जिप्सम घालतात. आपल्याला माल कालवायला, टाकायला, थापी मारायला जो वेळ मिळतो, तो या चिमूटभर जिप्समचा. खरी ताकद देणारी सिलिकेटं दोन. एक पहिल्या काही आठवड्यांत काम उरकतं. दुसरं संथ, ओल मिळाली तर वर्षानुवर्षं चालू राहतं. लोक मात्र दुकानात '५३ ग्रेड' मागतात, जणू ५३ म्हणजे परीक्षेचे मार्क. ते लवकर ताकद देतं, पण घराच्या स्लॅबला घाई कसली? फ्लाय ॲश घातलेलं पीपीसी घ्या, पाणी नीट मारा. आपले जुने कारागीर चुन्यात विटांची सुरखी घालायचे, तीच ही युक्ती. राख तेवढी वीजकेंद्रातली.

आता पाण्याचा हिशेब. पन्नास किलोच्या गोणीला रासायनिकदृष्ट्या बांधून घ्यायला बारा लिटरच्या आतच पाणी पुरतं. पण तेवढ्यात माल फावड्यालाही हलणार नाही, म्हणून साइटवर पंचवीसेक लिटर घालतात. बांधलं न गेलेलं पाणी नंतर निघून जातं आणि मागे बारीक बारीक वाटा ठेवून जातं. पाणी जितकं जास्त, तितक्या वाटा जास्त, तितकी ताकद कमी. डफ अब्राम्सनं १९१८ मध्ये हे मांडलं. आणि टाकून झाल्यावर, जेव्हा पाणी खरंच हवं असतं, तेव्हा आपण ते तोडतो. साधं सिमेंट असेल तर किमान सात दिवस, राख मिसळलेलं असेल किंवा हवा कोरडी-तापलेली असेल तर दहा, स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं, कॉलमला ओलं बारदान गुंडाळावं. मिक्सरमध्ये हात सैल आणि स्लॅबवर आखडता, असा आपला उलटा कारभार.

मीही तो केलाय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सोसायटीच्या कामावर होतो. मे महिना, दुपारचे दोन, वीज गेलेली, व्हायब्रेटर बंद. मुकादम म्हणाला, "साहेब, माल लई घट्ट हाय, पोरांना ओढवत नाही. एक बादली टाकू का?" मी पोरांचे चेहरे पाहिले. म्हटलं, टाका. क्यूब सकाळीच भरून झाले होते, बादलीच्या आधीचे. अठ्ठावीस दिवसांनी ते झकास पास झाले. पंधरा सेंटिमीटरचा तो ठोकळा यंत्रात फुटतो, तेव्हा कागदावर आकडा येतो. स्लॅबमध्ये नेमकं काय गेलं ते कागदाला कळत नाही.

तीस वर्षांनी त्याच इमारतीच्या तपासणीला मला बोलावलं. ओळख मी सांगितली नाही. बाल्कनीच्या पोटाला तांबूस ओघळ आले होते, कोपरा फुगलेला. एक टवका फोडला, धूळ झटकली आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. काँक्रीटमधला चुना शाबूत असेल, तर हे द्रावण गडद गुलाबी होतं. चुना असेपर्यंत सळई गंजत नाही. पण बाहेरची हवा त्या बारीक वाटांनी आत शिरते आणि चुन्याची पुन्हा चुनखडी करते. भट्टीत उडवलेला वायू असा परत येतो. तिथे द्रावण रंग धरत नाही.

सेक्रेटरी मान वर करून पाहत होते. पृष्ठभागापासून तीस मिलिमीटर आतपर्यंत काँक्रीट कोरंच राहिलं. मग एकदम गुलाल उधळल्यासारखं गुलाबी.

"सर, गुलाबी येणं चांगलं की वाईट?"

"चांगलं," मी म्हटलं. सळई पंधरा मिलिमीटरवर होती.