फ्लेक्सवरची बाग आणि रानातली बाग

चि. सोनूस,

तू पाठवलेला फ्लेक्सचा फोटो पाहिला. डाळिंबाच्या झाडाशेजारी उभा शेतकरी, हातात टपोरं 'भगवा' जातीचं फळ, खाली ठळक अक्षरात 'तेल्या गायब!' आणि एकरी टनांचा आकडा. माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी येईल तेव्हा रस्त्याकडेला लावायचा म्हणतोस. छपाई झकास आहे. पण वारकरी काही तुझ्या दुकानात फवारणीचं औषध घ्यायला थांबणार नाहीत. ज्याला ते घ्यायचंय, तो आपल्या माळशिरस तालुक्यातला बागायतदार पक्का आहे. जमीन कसली, पाणी कॅनॉलचं की बोअरचं, बहार कुठला धरला होता, खर्च किती आला, हे विचारल्याशिवाय तो बाटलीला हात लावत नाही.

त्याचं काय चुकतं? तेल्या हा जिवाणूचा रोग, पावसाळी दमट हवेत फोफावतो. म्हणून मृग बहारात धास्ती जास्त, हस्त बहारात त्या मानाने कमी. तुझ्या फोटोतल्या पाहुण्यांनी हस्त बहार धरला असेल आणि पाऊसही वेळेत उघडला असेल, तर बाग औषधाने राखली की उघडिपीने? शिवाय त्यांचं रान मुरमाड, निचऱ्याचं. कॅनॉलकाठच्या काळ्या रानात पाणी साचून झाडं मरायला लागली, तर तुझी बाटली काय करणार? आणि तेच औषध नेलेले बाकीचे कुठे आहेत? त्यांची नावं तुझ्या उधारीच्या वहीत आहेत, फ्लेक्सवर एकाचंच.

शेतकऱ्याची ही सावधगिरी जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं तेही मुळात कारखान्याच्याच मालाची माहिती द्यायला. जाहिरातीची ताकद त्यांना चांगलीच कळत होती. पण नुसत्या छापील शब्दावर त्या वेळचा शेतकरी आपले बैल नांगराला जुंपत असेल, असं मला वाटत नाही.

तेव्हा माझं ऐकशील तर त्या आकड्याशेजारी साल, बहार, जमीन, पाणी आणि एकरी खर्च छाप. सोबत काय काय फवारलं तेही. ज्याची बाग गेली अशा एका गिऱ्हाइकाला भेट, का गेली ते विचार, आणि त्याची तयारी असेल तर तेही सांग. त्याने तुझ्या औषधाचा भाव पडला तर पडू दे. फोटोतल्या पाहुण्यांची परवानगी लेखी घे. पुढच्या हंगामात त्यांच्याकडे पुन्हा जा. बाग काढून टाकली असेल तर फ्लेक्सही उतरव. भिंतीवर हिरवीगार बाग आणि रानात नुसती खुंटं, असं मी फार पाहिलंय. केंद्र सरकारच्या जून २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतली शिफारस त्या माणसाचं खरंखुरं मत असावी लागते, आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तुझी खरी भीती ती नाही. वेळापुरात दोनदा खोटं ठरलं की तिसऱ्यांदा कोण दुकानाची पायरी चढतं?

फ्लेक्सचे पैसे वाचव आणि पाचसहा जणांना त्या बागेत घेऊन जा. तू गप्प उभा राहा, बोलू दे त्यांना आपापसात. चहा मात्र तुझ्याकडून.

छापायला टाकायच्या आधी मजकूर मला पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा