माझी टाच आणि धाकट्या जाऊबाईंचं कोपर

मागच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरांचा नंबर द्या ना. माझी टाच फार धरलीय." एरवी मी लगेच दिला असता, पण या वेळी "शोधून पाठवते" म्हणून फोन ठेवला. नंबर तर समोर कॅलेंडरवरच लिहिलेला होता!

का दिला नाही, ते आज लिहायचं आहे. नातलगांपैकी बरेच जण हे पान वाचतात आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी मी त्या इंजेक्शनाचं कौतुक ऐकवलेलं आहे.

२०२२च्या जूनमध्ये माझी उजवी टाच दुखायला लागली. म्हणजे टाच नव्हे, टाचेच्या वर मागच्या बाजूला जी जाड दोरी हाताला लागते ती. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ही दोरी. पुस्तकी मराठीत कंडरा, डॉक्टरांच्या भाषेत अकिलीस टेंडन. निवृत्तीनंतर रोज सकाळी पर्वती चढायचा नेम होता. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं भिंतीला धरून टाकावी लागायला लागली, तरी मी चढतच राहिले. हट्ट, दुसरं काय.

जानेवारी २०२३मध्ये एका डॉक्टरांनी पीआरपी सुचवलं. प्लेटलेट रिच प्लाझ्मा. आपल्याच हातातून रक्त काढतात, नळीत घालून यंत्रात गरगर फिरवतात. ताक घुसळल्यावर लोणी वर यावं तसे थर वेगळे होतात (इथे तांबड्या पेशी खाली बसतात, एवढाच फरक). ज्या पिवळसर भागात प्लेटलेट्स दाटीने असतात, तो दुखऱ्या दोरीत टोचतात. कल्पना मोठी सुंदर आहे. जखम झाली की प्लेटलेट्स धावून येतात, रक्त गोठवतात आणि दुरुस्तीला लागणारी द्रव्यं सोडतात. कंडरेला मुळातच रक्तपुरवठा कमी, म्हणून ती लवकर भरून येत नाही. मग दुरुस्तीचं सामान आपणच तिथे नेऊन पोचवलं तर? बाहेरचं औषध नाही, आपलंच रक्त. मला तर ते ऐकूनच निम्मं बरं वाटलं :-)

दोन इंजेक्शनं झाली. चौदा हजार रुपये. मे महिन्यात मी पुन्हा पर्वती चढले आणि वरूनच चौघींना फोन केले.

त्यातला एक धाकट्या जाऊबाईंना. तिचं उजवं कोपर तेव्हा दुखत होतं. भाकरी थापताना, पिळा पिळताना कळ यायची. टेनिस एल्बो. (२००४मध्ये सचिनचं कोपर दुखावलं तेव्हा हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. नाहीतर आयुष्यात रॅकेट न धरलेल्या बाईला टेनिस एल्बो म्हणजे थट्टाच वाटावी.) "अगं, पैशाकडे बघू नकोस, ये इकडे, माझ्याकडेच राहा," म्हणून मी तिला पुण्याला बोलावून घेतलं. दीर गेल्यापासून ती साताऱ्याला एकटीच असते, उत्पन्न बेताचं. तिने मुदतठेवीच्या व्याजातून खर्च केला. इंजेक्शनानंतर दोन आठवडे तिला केससुद्धा विंचरता येईनात. मीच वेणी घालून देत होते. "आधी दुखतं, मग बरं होतं," असं मी अगदी अधिकारवाणीने सांगत होते. ती परत गेली. दिवाळीत विचारलं तर म्हणाली, "आहे तसंच आहे, ताई." मला वाटलं, हिने विश्रांती घेतली नसणार. बघा, मनात आधी काय आलं ते!

यंदा उन्हाळ्यात माझी भाची राहायला आली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्यासमोर मी नेहमीचं पुराण लावलं. तिने शांतपणे विचारलं, "मावशी, इंजेक्शन घेतल्यावर आणखी काय काय केलंस?"

म्हटलं, विशेष काही नाही. तीन महिने पर्वती बंद होती आणि तो व्यायाम करत होते.

"कुठला व्यायाम?"

मी कपाटातून कागद काढून दिला. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा उचलायच्या आणि मग दुखऱ्या पायावर भार देऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. पंधराचे तीन फेरे गुडघा ताठ ठेवून, तीन फेरे गुडघा किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला १८०, बारा आठवडे. शाळेत वेळापत्रक पाळायची सवय असल्यामुळे मी एकही दिवस चुकवला नव्हता.

भाची हसली. म्हणाली, "मावशी, औषध हेच आहे."

हा व्यायाम स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या अस्थिरोगतज्ज्ञांचा. त्यांची गोष्टही मजेची आहे. त्यांची स्वतःचीच टाच दुखत होती. वरिष्ठांना म्हणाले, शस्त्रक्रिया करा. वरिष्ठ म्हणाले, एवढ्यासाठी रजा मिळणार नाही. मग यांनी ठरवलं की दोरी तुटेपर्यंत ताण द्यायचा, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल. ती तुटायच्या ऐवजी बरी झाली! १९९८मध्ये त्यांनी १५ धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनी ते सगळे पुन्हा धावायला लागले होते.

आणि माझं इंजेक्शन? भाचीने दोन अभ्यास सांगितले. २०१०मध्ये नेदरलँड्समध्ये टाचेच्या ५४ रुग्णांवर एक प्रयोग झाला. रक्त सगळ्यांचंच काढलं, पण निम्म्यांना प्लाझ्मा टोचला आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते रुग्णांना कळू दिलं नाही. व्यायाम दोन्ही गटांना दिला. २४ आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले होते आणि जवळजवळ सारखेच. २०२१मध्ये ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर पुन्हा पाहिलं. तिथे अर्ध्यांना सुई फक्त कातडीखाली घातली, दोरीत काहीच टोचलं नाही. सहा महिन्यांनी फरक नाही.

"आणि कोपराचं?" मी विचारलं. विचारताना घसा कोरडा पडला होता.

कोपराच्या बाबतीत २००६मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, प्लाझ्मा मिळालेले फक्त १५ जण. निकाल फार चांगले आले आणि तिथून या इलाजाचा खूप बोलबाला झाला. पण २०२१मध्ये ३२ अभ्यास, दोन हजारांहून जास्त रुग्ण, असं सगळं एकत्र करून तपासलं तेव्हा दुखणं कमी व्हायला किंवा हात चालायला त्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात आपला आपण बरा होतो.

मी भाषेची शिक्षिका, विज्ञानाची नव्हे. पण शाळेतली एक गोष्ट आठवली. एका वर्षी दहावीतल्या एका मुलाचे मार्क एकदम वाढले. त्याच्या आईने सगळ्यांना सांगितलं की बुद्धिवर्धक सिरपचा गुण आहे. पुढच्या वर्षी अर्ध्या वर्गाच्या घरी ती बाटली. तो मुलगा वर्षभर आमच्या गणिताच्या सरांकडे पहाटे साडेपाचला जात होता, हे त्या माऊलीने कोणाला सांगितलंच नाही. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही तिला किती हसलो होतो! आणि मी तरी काय केलं? इंजेक्शनाची कथा चौघींना सांगितली आणि १८० वेळा टाच खाली नेल्याचं एकीलाही नाही. पायरीवर उभं राहून पाय हलवण्यात सांगण्यासारखं काय आहे? चौदा हजारांच्या गोष्टीला वजन असतं.

डॉक्टरांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. व्यायामाचा कागद त्यांनीच तर दिला होता. पीआरपीवरचे सगळेच अभ्यास एका सुरात बोलत नाहीत आणि सगळी दुखणीही सारखी नसतात, असं भाचीही म्हणाली. हां, गुडघ्यासाठी, खांद्यासाठी स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या अशा ज्या जाहिराती येतात, त्यांच्याबद्दल मात्र तिने कानाला खडा लावायला सांगितलं. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काही ठरावीक आजार, मुख्यतः रक्ताचे, सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच वापरता येतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून इलाजाचे पैसे घ्यायचे नसतात. असो.

विहीणबाईंना मी शेवटी डॉक्टरांचा नंबर पाठवला, सोबत व्यायामाच्या कागदाचा फोटो आणि हे सगळं लांबलचक लिहून. तपासणी करून घ्या, पण आधी बारा आठवडे हे करून बघा म्हटलं. त्यांचं उत्तर आलं, "एवढं रोज कोण करणार?"

त्यापेक्षा अवघड फोन साताऱ्याला करायचा होता. तो काल केला. म्हटलं, अगं, तुझे पैसे माझ्यामुळे गेले. मला बरं कशाने वाटलं ते माझं मलाच कळलं नव्हतं आणि मी तुला खात्रीने सांगत सुटले. निम्मे तरी मी देते.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पैशांचं काय काढलंत, ताई. कोपर मागच्या वर्षीच थांबलं दुखायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, बघ, इंजेक्शन लागू पडलं."